माझंच आडनाव

प्रिय मित्रा,
स. न.

सात महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे, मग पुढे वाच. माझी शुगर आहे तिथंच आहे, गुडघाही.

पंधरवड्यापूर्वी आपल्या शिधाकोठीत एक गोष्ट घडली. घरी सांगितली तर "एवढं काय त्यात?" म्हणाले. म्हणून तुला लिहितोय.

या महिन्यात शिधावाटपाची पाळी देवळाच्या सभागृहाची. मी वही घेऊन दाराशी. (हो, तीच वही. थांब, येतो त्यावर.) बंद करायच्या वेळेला एक बाई आल्या, सोबत सहा-सात वर्षांचा मुलगा. मी नाव विचारलं, आडनाव विचारलं. बाईंनी एकदा भिंतीवरच्या तसबिरींकडे पाहिलं, एकदा फलकाकडे, आणि आडनाव सांगितलं. माझंच! फलकावर माझं नाव आहे ना, तिथूनच उचललं असणार. मी लिहीत होतो तोच मुलगा म्हणाला, "आई, हे आपलं नाहीये." बाईंनी त्याचा हात इतका दाबला की बोटं पांढरी पडली. मी मान वर केली नाही. अक्षर पुरं केलं, पीठ, डाळ, तेल, दुधाची पावडर दिली. त्यानंतर त्या आल्या नाहीत.

आता तुला खोलीची गोष्ट आठवली असेल. मालकिणीला तू माझं आडनाव ठोकून दिलंस आणि मला वर्षभर तुझा चुलतभाऊ म्हणून वावरावं लागलं. ती गोष्ट आपण किती मैफिलींत रंगवून सांगितली! पण त्या वर्षी घरची पत्रं तू स्वतः पोस्टात जाऊन का आणायचास, हे मला त्या रात्री कळलं.

वही नको असं तू पहिल्या दिवसापासून म्हणत होतास. मी हिशेबाचं तुणतुणं वाजवत राहिलो. तू रेड क्रॉसची 1994 ची आचारसंहिता कपाटाच्या दारावर डकवलीस: मदत गरज पाहून द्यायची, धर्म किंवा वंश पाहून नाही, आणि तिच्या आडून धर्म पुढे रेटायचा नाही. मी म्हणालो, आपण कुठं रेटतोय? पिशव्यांत पत्रकं घालणाऱ्याला (तुझाच माणूस, विसरू नकोस) फादरनी आणि मौलानांनी मिळून बाहेर काढलं, तेव्हा मी केवढा मिरवलो होतो! भाषणच ठोकलं: 1967 मध्ये अमेरिकेत फिनिक्सला जॉन व्हॅन हेंगेल यांनी एका चर्चच्या आधारानं अन्नपेढी सुरू केली, आपण तर चार धर्म एका कोठीत आणले. पत्रकं डोळ्यांवर आली म्हणून काढली. वही माझ्याच हातात होती.

ज्ञानीजी बैठकीत कधी तोंड उघडत नाहीत. वहीवरून वाद झाला त्या दिवशी एवढंच बोलले, की शिखांचे गुरू अमरदास यांनी आधी पंगत, मग संगत घालून दिली आणि पंगतीत नाव कुणी विचारत नाही. मी काय म्हणावं? "लंगरचं अन्न ताटात संपतं, कोरडा शिधा बाजारात विकता येतो." टाळ्याही पडल्या होत्या.

बरं, आडनावाचा रकाना खोडून भागतंय होय? शेजारीच "काय चालत नाही?" हा रकाना आहे. कुणी जिलेटिन नको म्हटलं, कुणी कांदा-लसूण नको म्हटलं, की समजायचं ते समजतंच. न विचारता बांधलेली पिशवी द्यावी, तर त्यातलं निम्मं वाया. काकू हल्ली भिंग घेऊन बसतात. बिस्किटांत घालतात ते ई 471 वनस्पतीचं की चरबीचं, हे हिरवा-तपकिरी ठिपका नसलेल्या वेष्टनावरून कळत नाही म्हणून बिस्किटांचा आख्खा खोका बाजूला ठेवलाय. मौलाना म्हणाले, "बरोबर आहे बाईंचं." आजवर दोघांचं एकमत झालेली ही एकमेव गोष्ट.

म्हणजे फिरून तुझ्या फळ्यांवरच येतो. माल मांडायचा, ज्याला जे चालतं ते त्यानं उचलायचं. रांग अडेल म्हणून मी तेव्हा मोडता घातला. अडेलही. पण विचारायचं काय उरतं? घरात माणसं किती, तान्हं आहे का. बाकी हिशेब फळीवरच होतो, सकाळी किती होतं आणि संध्याकाळी किती उरलं. हे मला साठीत सुचतंय. फार फुगू नकोस. फुगलेला डबा "वास नाही, चांगला आहे" म्हणून ठेवणारा तूच. बोट्युलिझमच्या, म्हणजे डब्यातल्या अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेच्या, विषाला वास नसतो, हे तेव्हाही ओरडून सांगितलं होतं.

गुरुवारी बैठक आहे, फळ्यांचं मांडतो. घोर वेगळाच लागलाय. आधीच्या तीन वह्या माझ्या कपाटात आहेत. कुणाच्या घरी चूल पेटत नव्हती, त्याची नावा-पत्त्यांसकट यादी. फाडल्या तर हिशेब गायब केला म्हणतील. ठेवल्या आणि उद्या कुणी मागायला आलं तर? त्या बाईंचा पत्ताही आहे, खोटाच असणार. दोनदा चपला घातल्या होत्या. पण मी दारात उभा राहिलो तर त्या आणखी घाबरतील, म्हणून परत काढून ठेवल्या.

लेकीचा निकाल लागला का? वहिनींना नमस्कार. छत अजून गळतं का? बुधवारच्या आत फोन कर, मेसेज नको. वह्यांचं काय करू ते सांग.

तुझा,
एका वर्षापुरता चुलतभाऊ