दोष तुझ्या हाताचा नाही

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आणि तू स्टॅम्प मारून केलेल्या कार्डाचा फोटो, दोन्ही बघितलं. अरे लेका, हात हलला म्हणून शाई फासली गेली वगैरे जे लिहिलंयस ना ते डोक्यातून काढून टाक. तू पिगमेंट इंक घेतलीस आणि कागद घेतलास चकचकीत, मग दुसरं काय होणार? ही शाई कागदात मुरत नाही, वरच बसून राहते, आणि असल्या कागदावर तर कितीतरी वेळ ओलीच. डाय इंक मुरते म्हणून पटकन वाळते, फक्त उजेडात ठेवलं की तिचा रंग लवकर उडतो. मला हे कळेपर्यंत सात-आठ कार्डं वाया गेली होती आणि मी पण तेव्हा हातालाच दोष देत होतो.

पण पिगमेंट इंकचं हे उशिरा वाळणंच माझ्या कार्डावरच्या त्या सोनेरी उठावाच्या अक्षरांना लागतं, ती कशी केली विचारलंस ना, तर आधी कागदावरून टाल्कम पावडर अगदी हलकी फिरवायची, नाहीतर सोनेरी कण नको तिथे चिकटतात आणि मग ते निघता निघत नाहीत. मग स्टॅम्प मारायचा, शाई ओली आहे तोवर एम्बॉसिंग पावडर (तापली की वितळून उठाव देणारी) भुरभुरवायची, कागद टिचकी मारून झटकायचा, उरलेली परत डबीत. आणि मग हीट गन, म्हणजे खूप गरम हवा सोडणारं यंत्र. हेअर ड्रायर नको, तो तेवढा तापत नाही, वर वाऱ्याने पावडर उडते. एका कोपऱ्यावर गन धरून नुसतं बघत राहायचं, आधी काहीच होत नाही आणि मग एकदम ती खरखरीत पावडर वितळून चकाकते, खरं सांगतो, इतकी कार्डं केली तरी त्या क्षणी मला अजून तितकाच आनंद होतो! तिथून लगेच पुढे सरक मात्र, जास्त तापलं तर ती कागदात जिरते आणि तेलकट डाग दिसतो.

क्लिअर, म्हणजे पारदर्शक स्टॅम्प नवीन असेल तर त्यावरून खोडरबर हलकेच फिरव, शाई सगळीकडे सारखी लागेल. दाबताना डुलवू नकोस, सरळ खाली, सरळ वर. कागद जाड, २५० ते ३०० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम), ए-४ अर्धा कापून दुमडला की झालं कार्ड, घडीच्या जागी आधी रिकाम्या बॉलपेनने रेघ ओढ म्हणजे घडी फाटल्यासारखी दिसणार नाही.

फुलामागे पान हवं असेल तर आधी फूलच मार, पान नाही. तेच फूल चिकट नोटवर मारून कापून घे, पहिल्यावर झाकण म्हणून लाव आणि वरून बिनधास्त पान मार. नोट काढलीस की पान मागे गेलेलं!

रंग मात्र हातानेच भर. १८४३ मध्ये लंडनला हेन्री कोलने ते पहिलं ख्रिसमस कार्ड छापून घेतलं ना, तेही असंच होतं, रेषा छापलेल्या आणि रंग हाताने भरलेले, म्हणजे आपण करतोय ते काही नवीन नाही.

ते डाग पडलेलं कार्ड टाकलं नसशील तर मला पाठव. पाठवच. माझ्या वाढदिवसाला तेच हवंय मला.

तुझाच,
मी

ता.क. शाईच्या पॅडचा डबा उलटा ठेवत जा, शाई पॅडच्या वरच्या बाजूला राहते.