बाई, तुमच्यामुळे मला 'येस' आणि 'नो' कळलं

बाई, नमस्कार. समोर बसून हे बोलायला जमलं नसतं म्हणून लिहितोय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय कारण माझ्यासारखे मराठी मीडियमवाले खूप आहेत.

तुम्हाला तो इंटरव्ह्यू माहितीय. साहेबांनी विचारलं, हॅवन्ट यू वर्क्ड ऑन टॅली, म्हणजे टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर काम केलं नाहीस का? मी म्हटलं येस सर. माझ्या डोक्यात होतं "हो, नाही केलेलं", आपण मराठीत असंच बोलतो ना, कोणी विचारलं जेवला नाहीस का तर म्हणतो हो, नाही जेवलो. त्यांनी लगेच कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि एंट्री टाकायला सांगितली. मी खोटं बोललो असं त्यांना वाटलं आणि मला ते समजावताही आलं नाही, घरी येऊन दोन दिवस कोणाशी बोललो नव्हतो.

तुम्ही रागावला नाहीत. गॅलरीत बसवलंत, कॅलेंडरच्या जुन्या पानामागे लिहिलंत आणि म्हणालात, प्रश्नाकडे बघूच नकोस, काय घडलंय ते बघ. केलं असेल तर येस आय हॅव, केलं नसेल तर नो आय हॅवन्ट, मग समोरच्याने सरळ विचारू दे नाहीतर नकारात विचारू दे. एवढी वर्षं शाळेत इंग्लिश शिकलो पण हे एक वाक्य मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग प्रश्न बनवणं. मी व्हाय यू डोन्ट कम म्हणायचो कारण मराठीत नाही क्रियापदाला चिकटून असतो. तुम्ही म्हणालात आधी साधा प्रश्न कर, डू यू लाइक टी, आता त्या डू लाच नॉट जोड, डोन्ट यू लाइक टी. नॉट सुटा ठेवायचा असेल तर यू च्या नंतर, डू यू नॉट लाइक टी, पण डू नॉट यू असं आता कोणी म्हणत नाही. डिडन्ट आलं की पुढे गो, वेंट नाही, हे तर तुम्ही किमान पन्नास वेळा सांगितलं असेल आणि एकदाही आवाज चढवला नाहीत.

आरन्ट आय वर मात्र मी अडून बसलो होतो, आय ला आर कसं लागेल. अ‍ॅम ला नॉट जोडलेलं रूप प्रमाण इंग्लिशमध्ये नाही, म्हणून आर उसनं घेतात, पण सुटं म्हणायचं तर अ‍ॅम आय नॉट, हे तुम्ही शांतपणे समजावलंत.

आणि रोज निघताना तुम्ही विचारायचात, वोन्ट यू हॅव सम टी? आपलं "चहा नाही का घेणार?" अगदी तसंच आहे हे, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की ही भाषा इतकी परकी नाहीये.

परवाच्या इंटरव्ह्यूत जीएसटी रिटर्नबद्दल असंच विचारलं. म्हटलं नो सर, आय हॅवन्ट, बट आय विल लर्न. सोमवारपासून जॉइन होतोय. रविवारी येतो बाई, आईने चकल्या केल्यात तुमच्यासाठी, आणि क्वेश्चन टॅग राहिलेत अजून.