सूचना : बी पेरण्याआधी वाफ्यातली माती तपासा

सर्व सभासदांसाठी,

गटात रोज एकच प्रश्न येतो, "आता काय लावू?" महिन्यापेक्षा मातीच्या उबेकडे पाहा. भेंडी, काकडी, दोडका, भोपळा यांना माती किमान २० अंश उबदार लागते; गार मातीत बी कुजून जातं. उलट पालक, मुळा, गाजर, वाटाणा, कोबी यांना गारवा मानवतो. कोथिंबीर ऊन तापलं की लगेच फुलावर येते, मग पानं मिळत नाहीत. लसूण थंडीच्या तोंडावर लावा.

टोमॅटो, वांगी, मिरची यांची घाई आधीच करायची असते. जागेवर लावायच्या तारखेच्या सहा आठवडे (मिरची-वांग्याला आठ) आधी बी ट्रेमध्ये टाका. दिवसा ३५ अंशांपुढे टोमॅटोची फुलं गळतात, त्यामुळे फळधारणेचा काळ कडक उन्हात येणार नाही असा हिशेब मागे मोजत करा. मी एकदा हे मोजलं नाही. झाडं पुरुषभर उंच, टोमॅटो मोजून चार!

गाजर-मुळ्याची रोपं उपटून लावू नका, मुळं वाकडी होतात. बी थेट वाफ्यात पेरा. मुळा साधारण महिन्याभरात निघतो, म्हणून सगळं पाकीट एकदम रिकामं न करता दर पंधरा दिवसांनी एक ओळ पेरा.

वाफा रिकामा झाला की त्याच जागी पुन्हा टोमॅटो-वांगी-मिरची नको. तिघं एकाच कुळातली, रोगही सारखेच. तिथे चवळी किंवा घेवडा लावा.

ज्यांची पेरणी झाली आहे त्यांनी पिकाचं नाव आणि तारीख रविवारपर्यंत गटात टाकावी.