पोसायडनची अर्धीच ओळख

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील ग्रीक दैवतांवरील लेखात पोसायडनची ओळख 'ग्रीकांचा वरुण', म्हणजे समुद्राचा देव, अशी एका वाक्यात उरकली आहे. (ऋग्वेदातला वरुणही निव्वळ समुद्राचा देव नाही, पण तो विषय वेगळा.) लेख वाचनीय आहे, मात्र समुद्रकाठच्याच नव्हे, तर डोंगराळ मुलखातल्या ग्रीकांनाही ज्यामुळे या देवाचा धाक वाटे, त्या भूकंपाचा त्यात उल्लेखही नसावा, हे खटकले.

ग्रीक महाकवी होमर त्याला वारंवार 'भूमी हादरवणारा' म्हणतो. इ.स.पू. ४६४ च्या सुमारास स्पार्टा हे ग्रीक नगरराज्य भूकंपाने उद्ध्वस्त झाले, तेव्हा टेनारॉन येथील पोसायडनच्या देवळात शरण आलेल्या हेलट (स्पार्टाच्या ताब्यातील) दासांना बाहेर काढून ठार मारल्याचेच हे फळ, असे खुद्द स्पार्टावासी मानत, ही नोंद ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीजने केली आहे.

याहून बोलकी हकिकत हेलिकेची आहे. ग्रीसमधील कोरिंथच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्याजवळचे हे नगर पोसायडनच्या देवस्थानासाठी प्रसिद्ध होते. इ.स.पू. ३७३ च्या हिवाळ्यात एका रात्री भूकंप झाला, पाठोपाठ समुद्र आत शिरला आणि समुद्रापासून दोन किलोमीटरांहून अधिक आत असलेले नगर बुडाले. आशिया मायनरमधल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) आयोनियन ग्रीकांनी येथील मूर्ती, निदान देवळाची प्रतिकृती मागितली होती व हेलिकेकरांनी ती नाकारली होती, म्हणून देव कोपला, असे लोक सांगत. शतकाहून अधिक काळाने तेथे गेलेल्या एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाला नावाड्यांनी सांगितले, की हातात जलाश्व (अर्धा घोडा, अर्धा मासा असा काल्पनिक प्राणी) घेतलेला पोसायडनचा कांस्यपुतळा पाण्याखाली उभाच असून त्यात कोळ्यांची जाळी अडकतात. २००१ मध्ये मात्र संशोधकांना या नगराचे अवशेष सापडले ते समुद्रतळाशी नव्हे, तर आजच्या किनाऱ्याच्या आत, एका जुन्या खाजणाच्या गाळाखाली.

ही सारी भाबडी श्रद्धा होती, असेही नाही. उत्तर ग्रीसमधल्या थेसली प्रांतातली टेंपीची घळ पोसायडनने फोडली, हे थेसलीकरांचे म्हणणे इतिहासकार हिरोडोटसला सयुक्तिक वाटते, कारण भूकंप हे त्या देवाचे काम मानले, तर ही घळही भूकंपानेच पडलेली दिसते, असे तो लिहितो. देवाचे नाव आणि जमिनीचे निरीक्षण त्याच्या लेखणीत असे शेजारी-शेजारी नांदतात.

लेखमालेच्या पुढील भागात निदान हेलिकेला जागा मिळावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ठाणे