गेमिंगचा पीसी भंगारात काढू नका

संपादक साहेब, नमस्कार,

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आमच्या सिडकोतली पोरं आईबापाच्या मागे लागलीत की नवीन पीसी घेऊन द्या, कारण जुन्यावर विंडोज ११ चढत नाही, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही म्हणून. अहो पण मशीन चांगलं चालतंय ना! मी माझ्या गेमिंग पीसीवर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, टाकलं, आधी नुसतं पेनड्राइव्हवरून चालवून बघितलं, हार्डडिस्कला हात न लावता, वायफाय साउंड सगळं चाललं मग इन्स्टॉल केलं. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर उघडायचा, रेकमेंडेड लिहिलेला ड्रायव्हर घ्यायचा आणि रीस्टार्ट, बस. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातलं प्रोटॉन, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर, जे २०१८ पासून फुकट मिळतंय, त्यावर विंडोजचे बरेचसे गेम चालतात. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट मात्र चालत नाहीत, गेममधली चीटिंग पकडणाऱ्या अँटीचीट सॉफ्टवेअरमुळे, तेवढेच खेळणाऱ्यांनी घाई करू नये. आणि फोटो, कॉलेजचे प्रोजेक्ट आधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, इन्स्टॉल करताना इरेज डिस्क निवडलं की सगळं पुसलं जातं.

नाशकात एवढी इंजिनीअरिंग कॉलेजं आहेत, त्यांनी एखाद्या रविवारी पोरांना हे बसवून द्यायला काय हरकत आहे?

– एक वाचक, सिडको, नाशिक