बंड्या आणि ठमीसाठी लिहून पाठवते

तीर्थरूप आई-बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी येथे सुखरूप आहे आणि माझा दिनक्रम तुम्हाला पाठ आहे, तेव्हा तो पुन्हा लिहीत नाही. बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात की मी एकदम दहा गोष्टी सांगते आणि त्यातल्या चार लक्षात राहतात. म्हणून आपला कुत्रा बंड्या आणि मांजर ठमी यांच्याविषयी हे सविस्तर पत्र. ते कपाटाच्या दारावर चिकटवले तरी चालेल, फक्त शेवटचा भाग त्याआधी कापून घ्यावा.

प्रथम बंड्याविषयी. तो पुन्हा जेवू लागला हे ऐकून बरे वाटले, परंतु "आता ठणठणीत आहे, गोळ्या थांबवल्या" हे वाक्य मला अजिबात आवडले नाही. गोचीडताप असा चटकन जात नाही. त्याचे जंतू रक्तातल्या पांढऱ्या पेशींत दडून बसतात, कुत्रा वरवर बरा दिसतो आणि काही महिन्यांनी नाकातून रक्त येऊ लागले की पुन्हा धावपळ होते. डॉक्टरांनी २८ दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत, तर त्यांना आजच फोन करा, मध्ये खंड पडल्याचे न लपवता सांगा आणि आता किती दिवस द्यायच्या ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. मी त्या वेळी यायला हवे होते असे आत्या म्हणाली. तो आजारी असल्याचे मला नवव्या दिवशी कळले, एवढेच मी त्यावर लिहिते. आधी कळले असते तर मी आले असते का, याचे उत्तर मलाही नीट देता येत नाही.

आई, तुझा प्रश्न असा होता की रोज अंग पुसलेल्या, अंगणापलीकडे न जाणाऱ्या कुत्र्याला गोचीड येतेच कुठून. कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड घरातसुद्धा वाढते. पोटभर रक्त प्यायलेली मादी अंगावरून उतरते, भिंतीच्या भेगेत किंवा दाराच्या चौकटीमागे जाते आणि तेथे हजारोंनी अंडी घालते. पुढे प्रत्येक अवस्थेत गोचीड कुत्र्यावर चढते, रक्त पिते आणि कात टाकण्यासाठी पुन्हा उतरते, त्यामुळे नुसता बंड्या स्वच्छ ठेवून भागत नाही. चिकटलेली गोचीड दिसली तर तिच्यावर रॉकेल किंवा तेल ओतू नये आणि उदबत्तीने चटकाही देऊ नये, कारण डिवचलेली गोचीड जखमेत आणखी लाळ सोडण्याची भीती असते. चिमट्याने तिला कातडीच्या अगदी लगत धरावे, न पिरगाळता सरळ ओढावे आणि बोटांनी चिरडू नये. काढायला उशीर करू नका. रोगाचे जंतू अंगात जायला तिला काही तास पुरतात.

आता येथील एक प्रकार सांगते. ज्या बाईंच्या घरी मी राहते, त्या रोज संध्याकाळी मांजर मांडीवर घेतात, शेजारी ओला केलेला पांढरा कागद पसरतात आणि उवांसाठी असते तशा बारीक दातांच्या फणीने तिची मान, पाठ आणि शेपटीचे मूळ विंचरतात. मग फणी कागदावर झटकतात आणि चष्मा लावून त्या कागदाकडे इतका वेळ पाहतात की, पहिल्या आठवड्यात मला हा कौल लावण्याचाच काही प्रकार वाटला. मांजर कधीही घराबाहेर जात नाही आणि तिच्या अंगावर मला एकही पिसू दिसलेली नाही. शेवटी मी विचारले, तेव्हा त्यांनी समजावून सांगितले. कागदावर पडलेला काळा कण धुळीचा असेल तर तो काळाच राहतो, पण पिसवेची विष्ठा असेल तर त्याच्याभोवती तांबूस डाग पसरतो, कारण ती विष्ठा म्हणजे वाळलेले रक्तच असते. मांजर स्वतःला सतत चाटते आणि सापडलेल्या पिसवा गिळून टाकते, म्हणून पिसू दिसली नाही तरी डाग मात्र दिसतो. पिसू आपल्या कपड्यांना चिकटूनही घरात येऊ शकते, हेही त्यांनी मला बजावले. माझ्या येण्यानंतर कागद पाहण्याचा वेळ वाढला असावा, अशी मला शंका आहे.

हसू नका, कारण यामागचा हिशेब खरा आहे. घरात १०० पिसवा आहेत असे धरले, तर जनावराच्या अंगावर त्यांतल्या जेमतेम ५ असतात. बाकीच्या अंडी, अळ्या आणि कोष यांच्या रूपाने गोधडीत, चटईखाली आणि फरशीच्या सांध्यांत असतात. एक मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालू शकते. कोषातली पिसू कित्येक महिने गप्प राहते आणि पावलांचा धक्का, अंगाची ऊब किंवा श्वासाची चाहूल लागली की बाहेर पडते. मागे पंधरा दिवस घर बंद ठेवून परतल्यावर आई, तुझ्या घोट्यांना जे चावे आले होते, त्याचे कारण बहुधा हेच होते. तू उगाच डासांना बोल लावलास. म्हणून पिसवांचे औषध एकदा देऊन थांबू नये. बंड्या आणि ठमी या दोघांनाही सलग किमान तीन महिने द्यावे, त्यांची अंथरुणे कडक गरम पाण्यात धुवावीत आणि कोपरे रोज झाडावेत.

परंतु दोघांना एकच औषध देऊ नका. दादाने बंड्याच्या मानेवर घालायच्या थेंबांतले उरलेले ठमीलाही लावू का असे विचारले होते. त्याने आधी विचारले हे फार चांगले केले. कुत्र्यांच्या कित्येक थेंबांत परमेथ्रिन नावाचे कीटकनाशक असते. मांजराच्या यकृताला ते नीट निकामी करता येत नाही, त्यामुळे मांजराला कापरे भरते, झटके येतात आणि जीवही जाऊ शकतो. गुरांना जंत-गोचिडांसाठी देतात ते आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन अंदाजाने टोचण्याचा शेजाऱ्यांचा सल्लाही मानू नका. औषध उत्तम आहे, ते शोधणाऱ्यांना २०१५ साली नोबेल मिळाले, पण गुराच्या मापातला अंदाज कुत्र्याच्या जिवावर बेततो आणि कोलीसारख्या कुत्र्यांच्या काही जातींना ते थोड्या जादा मात्रेतही बाधते. बंड्याचे वजन करायला बाबांनी आधी एकट्याने आणि मग त्याला उचलून काट्यावर उभे राहावे आणि वजाबाकी करावी. थेंब लावायचे असतील तर केस बाजूला करून कातडीवर लावावेत आणि आधीचे व नंतरचे दोन दिवस आंघोळ घालू नये. आई, हे वाक्य तुझ्यासाठी आहे.

जंतांचे औषध मोठ्या जनावराला साधारणपणे वर्षातून चार वेळा देतात, पण घरात लहान मूल येणार असल्याने नेमके अंतर डॉक्टरांना विचारावे. ठमीच्या शेपटीखाली तांदळाच्या कण्यांसारखे काही दिसले तर ते पट्टकृमीचे तुकडे असतात आणि तो कृमी बहुधा पिसू गिळल्याने होतो, म्हणजे पुन्हा फणीकडेच येणे झाले. अंगणातली विष्ठा रोज उचलावी. गोलकृमीच्या अंड्यांना रोगाची लागण करण्याजोगे व्हायला काही आठवडे लागतात, पण एकदा मातीत मिसळली की ती वर्षानुवर्षे टिकतात आणि मातीत खेळणाऱ्या मुलाच्या पोटात गेली तर क्वचित डोळ्यापर्यंतही पोहोचतात. डासांमुळे होणाऱ्या हृदयकृमीची गोळी सुरू करण्याआधी रक्त तपासून घ्यावे, एवढे सांगून तो विषय सोडते.

वहिनीला दिवस गेल्यामुळे ठमीला दूर कुठेतरी सोडून यावे असे आत्याने सुचवले, आणि तुम्ही दोघे त्यावर गप्प राहिलात हे मला दादाकडून कळले. भीती निराधार नाही, पण उपाय चुकीचा आहे. पोटातल्या बाळाला बाधू शकणारा टोक्सोप्लाझ्मा हा जंतू मांजराच्या विष्ठेतून साधारणपणे पहिल्या लागणीनंतरचे एक ते तीन आठवडेच बाहेर पडतो आणि बाहेर पडल्यावर बाधक व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. त्यामुळे ठमीचा मातीचा ट्रे रोज साफ केला, आणि तो वहिनीने न करता दादाने केला, तर धोका फारच कमी होतो. ठमीला कच्चे मांस देऊ नये आणि शिकारीला बाहेर सोडू नये. वहिनीने बागेतल्या मातीत हातमोजे घालूनच काम करावे, भाज्या धुऊन घ्याव्यात आणि कच्चट शिजलेले मांस टाळावे, कारण ही लागण त्या वाटेनेही होते. शंका वाटली तर तिच्या डॉक्टरांना रक्ततपासणीबद्दल विचारावे. मी दूर बसून मांजराची बाजू घेते आहे असे वाटेल. घेतेच आहे, पण आधी वहिनीची घेतली आहे.

आता कापून घ्यायचा भाग. औषधांचे पैसे मी दर महिन्याच्या सुरुवातीला दादाच्या खात्यावर पाठवीन, ते पेन्शनमधून काढू नका. घराच्या रंगासाठी पाठवलेल्या रकमेतून आधी भिंतींच्या भेगा बुजवून घ्या, रंग पुढच्या वर्षी दिला तरी चालेल. आत्याने सुचवलेल्या स्थळाचा फोटो पाहिला. मी नाही म्हटलेले नाही, आणि सहा महिन्यांत येते हेही मागच्या वेळेसारखे नुसते बोलणे नाही. ती मंडळी घरी येतील त्या दिवशी बंड्याला मागच्या अडगळीच्या खोलीत कोंडू नका. तेथे ओल आणि अंधार आहे, म्हणजे पिसवांना हवे ते सगळे आहे, आणि त्यांना कुत्रा चालत नसेल तर ते मला आधीच कळलेले बरे.

सोबत बारीक दातांची फणी पाठवते आहे. बाबा, रविवारी दोघांना विंचरून झाले की ओल्या कागदाचा फोटो पाठवा. डाग असला तरी पाठवा.

तुमची,
धाकटी