यंदाची दिवाळी घरच्या हातची

पुणे,
रविवार, २८ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आई आणि बाबा यांना
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर काय होते ते आपल्या तिघांनाही ठाऊक आहे. आई दोन वाक्ये बोलून फोन बाबांच्या हाती देते, बाबा "बरं, बघू" म्हणतात आणि मुख्य गोष्ट राहून जाते. या वेळी ती राहू नये, म्हणून पत्र लिहिते आहे. बाबांनी छपरीत बसून आईला ते मोठ्याने वाचून दाखवावे, आणि मधली एकही ओळ गाळू नये.

निर्णय आधीच सांगते. यंदा दिवाळीच्या खरेदीसाठी आपण नागपूरला जाणार नाही. १२ ऑक्टोबरच्या रविवारी दादा गाडी घेऊन येणार होता, ते मी त्याला रद्द करायला सांगितले. दोन्ही आत्यांना आणि वहिनीच्या माहेरीही मीच कळवले की यंदा साडी आणि शर्टपीसची देवाणघेवाण होणार नाही, जे आपल्या घरी तयार होईल तेच प्रत्येकाच्या घरी जाईल. हे सगळे तुम्हाला विचारून करायला हवे होते, हे मला कळते. विचारले असते तर बाबा नाही म्हणाले असते आणि मी नेहमीप्रमाणे गप्प बसले असते. रागवायचे असेल तर मी आल्यावर समोर बसवून रागवा, पण तोवर दादाला फोन करून गाडी परत ठरवू नका.

गेल्या दिवाळीविषयी आपण कोणीच पुन्हा बोललो नाही. मला वर्षभर बोलायचे होते, धीर झाला नाही. नागपूरच्या इतवारी बाजारातल्या त्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी आणि वहिनी दुकानात बसून जांभळी घ्यावी की मोरपंखी, यावर अर्धा तास घालवत होतो आणि बाबा बाहेर पायरीशी सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत उभे होते. गर्दीच्या लोंढ्यात त्यांच्या डाव्या पायातली चप्पल निघून गेली. त्यांनी आम्हाला हाक मारली नाही. एका पायात चप्पल आणि दुसरा पाय उघडा, असे ते आमच्या मागोमाग गाडीपर्यंत चालत आले. तळव्यात काय रुतले ते त्यांचे त्यांनाही समजले नाही, कारण इतक्या वर्षांच्या साखरेने पायाची जाणीवच कमी झालेली आहे. दादाच्या घरी पांढऱ्या फरशीवर तांबडे ठसे उमटले, तेव्हा ते आधी माझ्या लेकीला दिसले. ती जखम भरायला दीड महिना लागला. ऐन वेचणीच्या दिवसांत बाबा खाटेवर होते, आईने घर, शेत आणि रोजची मलमपट्टी एकटीने सांभाळली, आणि मी भाऊबीज आटोपून तिसऱ्या दिवशी पुण्याला निघून आले. ती मोरपंखी साडी मी आजवर एकदाही नेसलेली नाही. कपाट उघडले की मला ती फरशी दिसते.

बाबा, तुम्ही लगेच म्हणाल की एवढ्याशा गोष्टीचा बाऊ कशाला करायचा. तुम्ही असेही म्हणाल की आता पंचाहत्तरी ओलांडल्यामुळे तुम्हाला एसटीचे तिकीट माफ आहे, आईला अर्धे पडते, तेव्हा दादाची गाडी नसली तरी समुद्रपूरहून जाम आणि जामवरून नागपूर असे आपण आरामात जाऊन येऊ. तिकिटाचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो नागपुरात बर्डीवर आणि इतवारीत त्या आठवड्यात जी रेटारेटी असते तिचा, आणि तुम्ही काही झाले तरी हाक मारत नाही याचा. पैशांचाही प्रश्न नाही, हे मी मुद्दाम लिहिते आहे. यंदाच्या पावसाने सोयाबीनचे जे केले ते मला दादाकडून कळले आहे, आणि हात आखडता घ्यावा म्हणून लेकीने हे काढले, असे तुमच्या मनात येईल, हेही मी जाणते. तसे मुळीच नाही. सोयाबीन घरात मावले नसते तरी मी हेच पत्र लिहिले असते.

खरे तर नागपूरची ही प्रथा मीच सुरू केली. नोकरीतला पहिला बोनस हाती आला तेव्हा तुम्हाला मोठ्या दुकानात नेऊन, खुर्चीवर बसवून, समोर साड्यांचे ढीग उलगडायला लावायचे, एवढेच माझ्या डोक्यात होते. त्या दिवशी आई सगळा वेळ पदर सावरत बसली होती आणि किमतीची चिठ्ठी उलटी करून ठेवत होती. मला वाटले, तू संकोचली आहेस. आता वाटते, तुला माझा हिरमोड करायचा नव्हता. त्यानंतर दरवर्षी जायचेच, असे होऊन बसले, आणि त्यापायी घरातले एकेक काम सुटत गेले. आधी सोजी विकत आली, मग वाती विकत आल्या, मग आकाशकंदीलही आला.

माझ्या लेकीला मी हल्ली रात्री झोपताना आपल्या घरच्या दिवाळीविषयी सांगते. गहू ओलवून कापडात दडपून ठेवायचे, पहाटे जात्यावर दळायचे आणि मग चाळणीने रवा, सोजी वेगळी काढून आईच्या जुन्या पातळ लुगड्यातून मैदा गाळायचा, हे तिला गोष्टीसारखे वाटते. आई, तू दळत असताना मी तुझ्या मांडीवर डोके ठेवून पडायची आणि जात्याची घरघर माझ्या कानात, दातांत, सगळीकडे उतरायची. मला वाटते, मी तशी शांत झोप नंतर कधी घेतली नाही. बाबांच्या शाळेत टकळीवर सूत कातत असत हे ऐकून तर तिने वहीत लिहून घेतले. मी तिला सांगितले की हाताच्या कामातून शिक्षण द्यावे, हा विचार १९३७ साली आपल्या वर्ध्यातच परिषद भरवून पुढे आणला गेला, आणि तिच्या आजोबांच्या वाट्याला त्याचाच एक धागा आला. तिने विचारले, "आजोबांना अजून येते का?" मी "हो" म्हणून बसले आहे. बाबा, टकळी देवघराच्या वरच्या फळीवर, पंचांगांच्या मागे असावी. स्टुलावर चढून काढू नका, दादा काढील.

कोणाला काय द्यायचे, ते मी ठरवले आहे, पण आईला बदल करायचा असेल तर तिचा शब्द शेवटचा. दोन्ही आत्यांना आणि विहीणबाईंना आपल्या वाडीतली हळद द्यायची. यात कमीपणा कसला? आपल्या तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या बातमीचे कात्रण बाबांनी आजही पासबुकात घडी करून ठेवले आहे. इथे पुण्यात लोक त्या नावाने हळद शोधत असतात, आणि आपण ती डब्यात ठेवून दुसऱ्यांसाठी पॉलिस्टरच्या साड्या आणायला ऐंशी किलोमीटर जातो, हे मला पटेनासे झाले आहे. उन्हाळ्यात उकडून, वाळवून ठेवलेल्या हळकुंडांतली अर्धी गिरणीतून दळून आणा आणि अर्धी तशीच ठेवा, कारण मोठी आत्या स्वतः कुटते. पिशव्या मी शिवते आहे. त्यासाठी बाबांच्या जुन्या धोतराचे कापड दादाकडून मागवून घेतले, तेही तुम्हाला न सांगता.

हळदीसोबत प्रत्येक घरी शंभर फुलवाती जातील. त्या मात्र आईच्याच हातच्या हव्यात. मी इथे बाजारच्या कापसावर करून पाहिल्या. सरकी काढायची, कापूस बोटांनी मोकळा करायचा, मधोमध चिमूट धरून वर ओढायचा आणि दुधाचे बोट लावून टोकाला पीळ द्यायचा, इतके मला आठवते. पण माझी वात ताटलीत उभी राहत नाही, कलंडते. तुझी वात तूप संपेपर्यंत सरळ उभी राहते. ते कसे होते ते मला आणि लेकीला या वेळी शेजारी बसवून शिकव. सीतादहीच्या दिवशी तू पऱ्हाटीला दहीभात दाखवून पहिला कापूस ओटीत घेतेस ना, त्यातला मूठभर बाजूला काढून ठेव, लक्ष्मीपूजनाच्या वाती त्याच्याच करू.

उटण्याची तयारी झाली आहे. संत्र्याच्या वाळलेल्या साली वहिनीने जपून ठेवल्या आहेत; आंबेहळद, नागरमोथा, वाळा आणि कचोरा मी इथून आणते. कंदिलाच्या कामट्या दादा गावातल्या बुरडाकडून घेईल, पतंगी कागद माझ्याकडे आहे, आणि खळ शिजवून चिकटवायचे काम बाबांनी नातवंडांकडून करून घ्यायचे आहे. बाबांनी फक्त बसून सांगायचे. पणत्या गावच्या कुंभाराकडूनच घ्या आणि त्याच्याशी भाव करू नका.

एका बाबतीत मात्र घरचे करून भागणार नाही. सालदाराच्या घरी चौघांनाही नवे कपडे गेलेच पाहिजेत, आणि तेही धनत्रयोदशीच्या आत. आपण आपल्या समाधानासाठी बाजार टाळतो, त्याची झळ त्याच्या पोरांना बसता कामा नये. कापड आपल्याच आठवडी बाजारातून घेऊन गावच्या शिंप्याकडे टाका, म्हणजे मापही नीट बसेल. पाडव्याला गाई आखरावर जमतील तेव्हा गाई राखणाऱ्या गायक्याला द्यायचे पैसे आणि फराळही नेहमीपेक्षा कमी नको. ही रक्कम मी दादाकडे पाठवली आहे, आणि बाबांनी ती परत करू नये.

आता आईशी थोडे. तू काही बोलणार नाहीस, पण वर्षातून एकदा नागपूर पाहणे, बांगड्यांच्या दुकानापाशी थांबणे, येणारी-जाणारी माणसे पाहणे, हे तुला आवडते. वेचणी, निंदण आणि बाबांचे पथ्य यांतून तुला तेवढाच एक दिवस मिळतो, आणि मी तोही काढून घेते आहे, ही बोच मला आहे. म्हणून संक्रांत झाली की जानेवारीत मी आठ दिवसांची रजा काढून येणार आहे. मधल्या वारी, सकाळी, दुकाने रिकामी असताना आपण दोघीच जाऊ. तुला हव्या तितक्या बांगड्या भरून घे, आणि थकलो की सावलीत बसून संत्री खाऊ. त्या दिवशी बाबांचे जेवण वहिनी पाहील, तिने कबूल केले आहे.

आम्ही १५ ऑक्टोबरला सकाळी वर्ध्याला उतरतो, तिकिटे काढली आहेत. वसुबारस १७ तारखेला आहे, म्हणजे फराळाला पूर्ण दोन दिवस मिळतात. माझी एवढीच अट आहे की मी येईपर्यंत कढई चुलीवर चढवायची नाही. गुडघे दुखत असताना तू पाटावर बसून चार चार तास करंज्या लाटतेस, ते मला नको आहे. मी उंच टेबल लावून देते, तू खुर्चीत बसून सारण भर, लाटणे आणि तळणे माझ्याकडे. जात्यावर फक्त पायलीभर, तेही मी दळीन, बाकीचे गिरणीतून येऊ दे. अनारशाचे तांदूळ तेवढे आधी भिजवावे लागतील, ते भिजव, पण कुटायला वहिनीला बोलाव.

बाबांनी घरातही पायात काहीतरी घालायचे आहे, अंगणातसुद्धा. रोज रात्री आईने दिव्याखाली दोन्ही तळवे पाहायचे, बोटांच्या बेचक्यांसकट, आणि भेग दिसली तर त्याच दिवशी दादाला सांगायचे. साखर पंधरा दिवसांनी तपासायची, महिन्याने नव्हे. पूर्वी मला शाळेत सोडायला येताना बाबा पांदणीतल्या चिखलात मला खांद्यावर घेत, म्हणजे माझे पाय भरायचे नाहीत. तुमचे भरलेले पाय मग तुम्ही शाळेच्या हापशीवर धूत असा. हे आठवले की मला आणखी काही लिहिता येत नाही, म्हणून तुम्ही चप्पल घाला.

आई, राहता राहिली दादाच्या धाकट्यासाठी गोधडी. ती मला भाऊबीजेला द्यायची आहे. मधल्या थराला माझी जुनी ओढणी आणि वहिनीचे परकर आहेत, वरच्या बाजूला तुझे लुगडे हवे. ट्रंकेत तळाशी जे हिरवे आहे, काठ विरलेले, ते मला कापायला देशील का? आजीने तुला घेतलेले ते हेच असेल आणि तुझे मन होत नसेल तर तसे सांग, दुसरे शोधू. मी येईपर्यंत ट्रंक मात्र एकटीने ओढून काढू नकोस.

तुमची,
बेबी